दोन माणसांपुरती सावली

मथुरा होडीत पडली तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते आणि जाळं निम्मं पाण्यात, निम्मं होडीत होतं.

आधी तिला वाटलं, पलीकडच्या तेल कंपनीच्या चिमण्याच वाकायला लागल्यात. मग वल्हं हातातून सुटलं, कोपर फळीवर आपटलं आणि कळलं की चिमण्या जागच्या जागी आहेत, वाकलोय आपण. तिचा नवरा हरेश्वर नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, उभा राहून जाळं सोडत होता. तो मागे वळला. हातातलं जाळं टाकावं की धरावं, हे त्याला क्षणभर सुचेना. चाळीस वर्षं जाळ्यात गेलेला माणूस तो. शेवटी जाळं पायाखाली दाबून तो बायकोवर वाकला आणि प्यायच्या पाण्याची अख्खी बाटली त्याने तिच्या डोक्यावर ओतली.

"अगो मथुरा! बोल ना कायतरी!"

"संपवलंत ना सगळं पाणी?" मथुरा डोळे मिटूनच बोलली. "आता पिणार काय, खाडी?"

बोलली म्हणताच हरेश्वरच्या जिवात जीव आला. जाळं तसंच ओढून घेऊन त्याने होडी माघारी वळवली.

आता कुणी म्हणेल, बाई होडीत गेलीच कशाला? माहुलच्या कोळणी कशाला घाबरतात असं नाही. गुडघाभर चिखलात उतरून निवट्या धरतील, बाजारात दीडशहाण्या गिऱ्हाइकाची बोलती बंद करतील. पण वल्ह्यावर बसलेली बाई या बंदरावर हल्ली कुणी पाहिली नव्हती. मथुराही काही हौसेने बसली नव्हती. हरेश्वरचा जोडीदार नंदू गणपती झाल्यावर एका टॉवरवर वॉचमन लागला. मुलगा परेश विमानतळावर सामान चढवतो, त्याची पाळी बारा तासांची. आणि जाळं एकट्याने घालता येत नाही. एकाने वल्हं मारून होडी सरळ ठेवायची, दुसऱ्याने जाळं सोडायचं. एकटा माणूस सोडायला गेला तर होडी गरकन फिरते आणि जाळ्याचा नुसता गुंता होतो. म्हणून छप्पन्न वर्षांची मथुरा उठली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि वल्ह्यावर जाऊन बसली. पंधरा दिवसांत तिच्या तळव्यांना घट्टे पडले आणि हरेश्वरचं 'नंदू असा मारायचा, नंदू तसा मारायचा' बंद झालं.

बंदरावर राजाराम उभाच होता. खाडीच्या तोंडाशी खुंट रोवून जाळं बांधणारा हा गडी. दिवसातून दोनदा कुणालातरी टोचल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे.

"काय रं हरेश्वर? वहिनीला फिरवायला नेलीस आणि उचलून आणलीस?"

चारजण हसले. हरेश्वरने बायकोला हात दिला. मथुराने तो झिडकारला, टोपली कमरेवर घेतली आणि स्वतःच्या पायांनी चढण चढली.

"हसा," ती म्हणाली. "तुमच्या बायका पंख्याखाली पडतात. मी कामावर पडले."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी प्रेशर मोजलं, डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली आणि चांगलंच फैलावर घेतलं. "मावशी, प्रेशरची गोळी चालू आहे ना? या गोळीने अंगातलं पाणी जातं. वर हे ऑक्टोबरचं ऊन. डोक्यावर सावली असल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही. आज होडीत पडलात, पुढच्या वेळी पाण्यात पडाल."

घरी आल्यावर हरेश्वर भिंतीकडे बघत म्हणाला, "उद्यापासून तू नको येव."

"आणि?"

"आणि काय. होडी वर ओढून ठेवू."

 वर ओढलेली होडी परत पाण्यात जात नाही, हे काय तिला सांगायला हवं होतं? बंदराच्या मागच्या उकिरड्यालगत अशा सात होड्या पडल्या होत्या. त्यांत कोंबड्या अंडी घालायच्या आणि त्यांचे मालक नाक्यावर पत्ते कुटायचे. हरेश्वर त्या पत्त्यांत बसलाय हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिला संतापच आला.

"मी पडले म्हणून होडी पडणार नाय," ती म्हणाली. "छप्पर घालू."

"मच्छीच्या होडीला छप्पर? माझ्या बापाने घातलं नाय, आज्याने घातलं नाय."

"तुमच्या बापाने बायकोला वल्ह्यावर बसवलेली?"

 सून विनिता आतून चहा घेऊन आली, तिने पदराआड हसू दाबलं.

दुसऱ्या दिवशी सासू-सुना चेंबूरच्या बाजारात गेल्या. ताडपत्रीवाल्याने विचारलं, "काय पाहिजे, ट्रकसाठी की मांडवासाठी?"

"होडीसाठी."

त्याने मान वर करून दोघींकडे पाहिलं. मग निळी काढली, पिवळी काढली, आतून चंदेरी असलेली जाड काढली. विनिता रंग बघत होती. मथुराने रंगाकडे ढुंकून पाहिलं नाही. तिने निळी ताडपत्री उचलली, दुकानासमोर उन्हात ठेवलेल्या दोन पिंपांवर पसरली आणि खाली फतकल मारून बसली.

"अहो मावशी, काय करताय? लोक दोन मिनिटांत घेऊन जातात!"

"लोक तिच्याखाली चार तास बसत नाय. विनिता, मोबाइलमध्ये टाइम बघ."

दहा मिनिटांत मथुराच्या मानेवरून घामाचे ओघळ वाहायला लागले. चंदेरीखाली तेच. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघायला लागली, एकाने फोटोही काढला. विनिता लाजेने अर्धी झाली. मथुरा उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "भट्टी हाय भट्टी. ऊन अडवते आणि वारापण अडवते." दुकानदाराने पुटपुटत घड्या घातल्या.

त्याच आठवड्यात सिद्धेश आला. चेंबूरचाच तरतरीत मुलगा, बोलायला गोड. थंडीत फ्लेमिंगो बघायला येणाऱ्या लोकांना तो खाडीत फिरवायचा. 'बसा काका' म्हणेपर्यंत त्याने टेप काढून होडीची लांबी घेतलीसुद्धा.

"ऐकलं मी, तुम्हाला छप्पर हवंय. मी बसवून देतो. लोखंडी पाइपची चौकट, वर पांढरं फायबर, एकदम झकास. फुकट. फक्त सीझनभर होडी माझ्याकडे लावायची. आठ सीट आरामात बसतील."

हरेश्वर होडीच्या काठावरून नुसता हात फिरवत राहिला. नाही म्हणाला नाही, हे मथुराच्या लक्षात आलं.

"चौकट मध्येच उभी राहिली तर जाळं कसं सोडायचं?" तिने विचारलं.

"जाळं नको ना काकी. पाहुण्यांना वास येतो."

"आणि मी कुठं बसायचं?"

"तुम्ही कशाला उन्हात? काका फिरवतील, तुम्ही घरी आराम करा."

मथुराने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. पोरगा वाईट नव्हता, खरंच भलं करायला आला होता, आणि म्हणूनच तिला जास्त झोंबलं. तिच्या डोक्यावर सावली घालायची म्हणून आलेल्या माणसाने तिलाच होडीतून उतरवलं होतं, जाळ्यासकट.

"सावली मला पायजे, पाहुण्यांना नाय," ती म्हणाली. "टेप गुंडाळ."

"आठ दिवसांनी येतो काकी. विचार करा."

"तेवढ्यात परेश बघतो कायतरी," हरेश्वर उगाच पुटपुटला.

परेशने बघितलं. पाळीवरून येताना तो खांद्यावर फ्लेक्सची भलीमोठी गुंडाळी घेऊन आला. कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर. अंगणात उलगडला तर वीस फुटी फ्लेक्सभर एक माणूस हात जोडून हसत होता.

"यो कोण?" हरेश्वरने विचारलं.

"असेल कुणी भावी नगरसेवक."

"यो दिवसभर माझ्याकडे बघत हसत बसणार?" मथुरा म्हणाली. "तोंड वर करा त्याचं. घारींना हात जोडूदे."

फ्लेक्सही ताडपत्रीचाच भाऊ, हे मथुराला दिसत होतं. पण उकिरड्यालगतच्या त्या सात होड्याही दिसत होत्या. बाजूंनी उघडा ठेवू, थोडी हवा खेळेल, म्हणून तिने चालवून घेतलं. हरेश्वरने होडीत चार बांबू उभे केले आणि फ्लेक्स बांधायला घेतला. एकदा काम हातात आलं म्हटल्यावर त्याला हुरूप आला. त्याने जाळ्याला मारतात ती गाठ मारली. ओली झाली की आणखी आवळणारी, दातांनीही न सुटणारी. प्रत्येक बांबूला अशा तीन-तीन. मथुरा शेजारीच उभी होती, तिलाही त्यात वावगं वाटलं नाही. कोळ्याच्या हाताला दुसरी गाठ माहीतच कुठे असते? गाठ सुटली म्हणजे जाळं गेलं, हेच जन्मभर शिकलेली माणसं ती.

दोन तास बरे गेले. उकडत होतं, पण डोक्यात ऊन शिरत नव्हतं. हरेश्वर चक्क गुणगुणायला लागला. मग दुपारचा वारा सुटला.

तो रोजच सुटतो. रोज मथुरा त्याची वाट बघायची. पण आज फ्लेक्स पोटभर फुगला, बांबू करकरले आणि होडी तिला न विचारता धावायला लागली. मथुराने दोन्ही पाय फळीला रोवून वल्हं दाबलं. खांद्यातून कळ निघाली. होडी ऐकेना.

"सोडा! सोडा त्याला!" ती ओरडली.

हरेश्वर गाठींना भिडला. नखं लावली, दात लावले. शिंतोड्यांनी ओल्या झालेल्या गाठी लोखंड झाल्या होत्या. कोयता जाळ्याच्या ढिगाखाली. मथुराने वल्हं टाकलं, ढिगात हात खुपसले, कोयता शोधला आणि सपासप दोऱ्या तोडल्या. फ्लेक्स उडाला आणि तो भावी गृहस्थ हात जोडूनच पाण्यावरून वाहत गेला. पण तोवर उशीर झाला होता. होडी राजारामच्या खुंटांत घुसली होती, आणि त्याचं जाळं चांगलं तीन वाव, म्हणजे अठरा फूट तरी, फाटलं होतं.

माहुलची रीत सरळ आहे. ज्याच्या होडीने जाळं फाटलं, त्याने बंदरावर सगळ्यांदेखत बसून ते विणून द्यायचं. मालक 'बस, पुरे' म्हणेपर्यंत. मग तो वयाने लहान असो की मोठा.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हरेश्वर आणि मथुरा बंदरावर बसले. राजारामचं जाळं बांबूंच्या आडव्या काठ्यांवर टाकलेलं, त्याचं बारीक विणीचं शेपूट, ज्यात मासळी साठते ते, वर घड्या होऊन लोंबत होतं, आणि त्याच्याखाली हे दोघं सुया घेऊन. येणारा-जाणारा थांबत होता. राजाराम मागे हात बांधून येरझाऱ्या घालायचा, मध्येच वाकून विणीत बोट घालायचा.

"यो डोळा मोठा झाला. उसव."

हरेश्वरने उसवलं. त्याचे कान लाल झाले होते. ज्याने या बंदरावरच्या अर्ध्या पोरांना विणायला शिकवलं, त्याला डोळा मोठा झाला म्हणून ऐकून घ्यावं लागत होतं. मथुराला ते बघवेना. शिवी तोंडात आली होती, ती तिने गिळली, कारण चूक आपली होती.

दुपारी राजाराम जेवायला गेला. हरेश्वरने सुई खाली ठेवली.

"सिद्धेशला हो बोलू काय गो?" तो हळूच म्हणाला. "निदान होडी पाण्यात तरी राहील."

"होडी राहील. आपण?"

"आता या वयात किती लाज काढून घेऊ मी?"

त्याने तोंड फिरवून डोळे पुसले. मथुराने एवढ्या वर्षांत नवऱ्याला दोनदाच रडताना पाहिलं होतं, सासरे गेले तेव्हा आणि लेक वारली तेव्हा. तिला त्याची दया आली आणि त्या दयेचाच राग आला. तिनेही डोळे पुसले आणि वर पाहिलं.

वर जाळ्याचं शेपूट होतं. तीन पदरी. त्याच्यामागे सूर्य होता, म्हणजे असला पाहिजे, कारण तिच्या लुगड्यावर नुसते कवडसे पडले होते, तांदळाएवढे. वारा सुटला होता. तो जाळ्यातून आरपार येत होता आणि तिच्या घामेजल्या मानेला लागत होता. बांबू हलतसुद्धा नव्हते.

"अवो, किती वाजले?"

"दीड वाजला असंल. का?"

"सकाळी नवाला बसलो ना आपण?" तिने कपाळाला हात लावला. गार. "साडेचार तास झाले. माझं डोकं गरगरलं काय?"

हरेश्वरने तिच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं.  मग मथुरा एकदम हसायला लागली, एवढी की चढावरून जाणाऱ्या बायका थांबल्या.

"आपण मूर्ख," ती म्हणाली. "चेंबूरला जाऊन ताडपत्रीखाली बसले मी! चला, उरलेलं विणून टाका लवकर."

संध्याकाळ व्हायच्या आत राजारामने 'बस' म्हटलं. घरी येऊन मथुराने सगळा बेत सांगितला, तेव्हा विनिता म्हणाली, "आई, अशी हिरवी जाळी तयार मिळते. नर्सरीवाले लावतात ती. मी आणते ना उद्या."

"कोळ्याच्या घरात जाळी विकत आणू?" मथुराने कपाळाला हात मारला. "माळ्यावर काय मग कापूस भरलाय?"

माळ्यावर सासऱ्यांच्या हातचं जाळं होतं. त्याचं शेपूट मथुराने कापून घेतलं. कापताना जाळं ताणून धरलं ते हरेश्वरनेच. तीन पदर एकावर एक, डोळ्यावर डोळा येणार नाही असे सरकवून, दोघांनी कडेकडेने शिवून काढले. हरेश्वरने बांबू चिरून त्याच्या तीन कमानी वाकवल्या. छप्पर फक्त वल्ह्याच्या जागेवर, दोन माणसं मावतील एवढंच, नाळ उघडी. तिथे त्याला जाळं सोडायला मोकळे हात हवेत.

बांधायची वेळ आली तेव्हा तो दोरी घेऊन पुढे झाला.

"तुमी नाय," मथुरा म्हणाली. "तुमची गाठ एकदा बघितली."

तिने स्वतःची गाठ मारली. बाजारात टोपलीवर प्लास्टिक बांधायची. पालिकेची गाडी आली अशी बोंब झाली की एक टोक ओढायचं, टोपली डोक्यावर घ्यायची आणि पळायचं. तीस वर्षं तिने ती गाठ मारली होती. सगळ्या गाठींची टोकं तिने एका दोरीत घेतली आणि ती दोरी आपल्या उजव्या पायाच्या अंगठ्यापाशी आणून ठेवली.

"ही काय गाठ? एका झटक्यात सुटंल."

"सुटायलाच मारलीय."

दुसऱ्या दिवशी दोघं मुद्दाम अकराला निघाले, भर उन्हात, बंदरावर गर्दी असताना. भरतीही तेव्हाचीच होती म्हणा, पण नसती तरी मथुरा थांबली असती. सगळ्यांनी बघावं असंच तिला वाटत होतं.

"जाळं वाळत घातलंस काय रं होडीवर?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. राजाराम पाण्यात उतरून होडीजवळ आला. त्याने छपरात बोट घातलं.

"यो डोळा मोठा हाय."

"ऊन मोजून केलाय," मथुरा म्हणाली. "बोट काढ, जायचंय आम्हाला."

राजारामने बोट काढलं. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, त्याने होडीला मागून एक जोरदार धक्का दिला.

बारा वाजले, एक वाजला. चिमण्या सरळ उभ्या होत्या. मथुरा बाटलीतलं पाणी घोटघोट प्यायली आणि वल्हं मारत राहिली. वारा सुटला तेव्हा हरेश्वरने दचकून मागे पाहिलं. छप्पर थोडं थरथरलं, बस. मग खरंच एक मोठा झोत आला, कमानी वाकल्या, तशी मथुराने अंगठ्याने दोरी ओढली. सगळं छप्पर भसकन खाली, तिच्या डोक्यावर. आतून तिचा आवाज आला, "बघितलंत? आता हसू नका, उचला." हरेश्वर इतका हसला की नाळेवरून पडता पडता वाचला. झोत गेला, दोघांनी कमानी उभ्या केल्या आणि छप्पर पुन्हा बांधलं. त्या दिवशी जाळ्यात चांगली बोय मासळी लागली, आणि वर एक मोठा जिताडाही.

महिन्याभराने फ्लेमिंगो आले. सिद्धेशला दुसरी होडी मिळाली होती, पांढऱ्याशुभ्र छपराची. आठ पाहुणे दुर्बिणी लावून बसले होते. मथुराची होडी दिसली तशा दुर्बिणी तिच्याकडे वळल्या. एका बाईने मोबाइल काढला. सिद्धेशने हात हलवला. पोरगा मनाने मोकळा, त्याला खरंच कौतुक वाटलं होतं.

"काकी, एक नंबर झालंय छप्पर! किती सीट बसतील हो याच्यात?"

मथुराने वल्हं थांबवलं. कवडशांनी तिचं तोंड, हात, पांढरे केस सगळं ठिपक्याठिपक्यांचं झालं होतं. समोर नाळेवर हरेश्वर जाळं खांद्यावर घेऊन उभा होता, ती होडी सरळ करायची वाट बघत.

"दोन," ती म्हणाली.

"फक्त दोन?"

"दोनच. आणि दोन्ही भरल्यात."

मग तिने वल्हं पाण्यात घातलं, होडी सरळ केली आणि नवऱ्याला हाक दिली, "सोडा ओ जाळं."